व्हॅक्यूमच्या पिशवीत धुमसलेली आग : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण लाकूडकामाच्या एका कार्यशाळेतलं आहे. तिथल्या मशीनची देखभाल आणि कामाची सुरक्षितता या दोन्हींची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती, आजही आहे. आग लहान होती. धूळ ओढून पिशवीत साठवणारा एक व्हॅक्यूम जळाला, एका मुलाचं मनगट भाजलं, भिंतीवर हातभर काजळी चढली. पण ती का लागली याचा माग काढत गेलो, तेव्हा शेवटी मी स्वतः छापून भिंतीवर लावलेल्या एका ओळीपाशी येऊन थांबलो. ती ओळ अशी होती: ‘व्हॅक्यूम जोडल्याशिवाय कोणतंही मशीन चालू करायचं नाही.’

ओळ मी चांगल्या हेतूने लावली होती. लाकडाची धूळ नुसती शिंका आणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ती माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. नाकातला आणि नाकालगतच्या पोकळ्यांमधला कर्करोग हे त्यामागचं मुख्य कारण. शिवाय जी धूळ डोळ्यांना दिसते, ती खाली बसते आणि झाडून काढता येते. खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत तासन्‌तास तरंगत राहतो, म्हणजे सँडर, लाकूड घासायचं मशीन, बंद करून मास्क काढला तरी आपण तो ओढतच असतो. ती धूळ हवेत जाण्याआधी, उगमापाशीच पकडणं हा सगळ्यात चांगला उपाय. आजही माझं मत तेच आहे. मशीनला धूळ ओढण्याची जोडणी असली तर ती वापरलीच पाहिजे. फक्त ‘कोणतंही मशीन’ हे शब्द मी विचार न करता लिहिले.

काम आणि साधनं

आठ जुने सागवानी दरवाजे आले होते. वर्षानुवर्षांचं व्हार्निश, कडांना गंजलेले खिळे, बिजागऱ्यांच्या खाचांमध्ये मोडून बसलेले स्क्रू. सगळं खरवडून, घासून, पुन्हा तेल-पॉलिश करून द्यायचं होतं. कामावर तिघं होते. मिस्त्री, ज्यांना सगळे काका म्हणतात. एक तरुण कारागीर, हाताने वेगवान आणि सांगितलेलं ऐकणारा. आणि सहा महिन्यांपूर्वी लागलेला मदतनीस मुलगा.

मशीन दोनच. १५० मिलिमीटरच्या चकतीचा सँडर आणि लोखंड-दगड घासणारा, १०० मिलिमीटरच्या फिरत्या चकतीचा अँगल ग्राइंडर. व्हॅक्यूम एक, एम वर्गाचा. युरोपीय मानकात अशा व्हॅक्यूमचे एल, एम आणि एच असे तीन वर्ग केलेले आहेत. एल वर्गातून जास्तीत जास्त १ टक्का धूळ निसटते, एममधून ०.१ टक्का, एचमधून ०.००५ टक्के. लाकडाला एम योग्य. या व्हॅक्यूमला पुढच्या बाजूला एक सॉकेट आहे. त्यात मशीनचा प्लग घातला की मशीन चालू होताच व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि मशीन थांबल्यावर आणखी काही सेकंद चालून पाइप रिकामा करतो. सोय उत्तम आहे. पण त्या सॉकेटमुळे व्हॅक्यूमला जोडलेलं मशीन बदलणं म्हणजे नुसता प्लग बदलणं झालं, आणि पुढे जे घडलं त्यात या सोयीचाही वाटा आहे.

त्या दिवशी

सकाळी कामाला सुरुवात झाली ती दुसऱ्या दरवाजापासून. आदल्या संध्याकाळी काकांनी त्यावर जवसाच्या तेलाचा एक नमुना पट्टा मारून पाहिला होता. रंग मनासारखा आला नाही, म्हणून सकाळी तो पट्टा घासून काढला. तेल पुरतं वाळलेलं नव्हतं. ती चिकट भुकटी नव्या कोऱ्या पिशवीत सगळ्यात आधी गेली. त्यानंतर दुपारपर्यंत तीन दरवाज्यांचं व्हार्निश निघालं. पिशवी निम्म्याच्या वर भरली.

चारच्या सुमाराला पाचवा दरवाजा घोड्यांवर, म्हणजे कामाच्या लाकडी तिवयांवर, चढला. त्याच्या कडेला सहा खिळ्यांची डोकी आणि दोन स्क्रूचे तुकडे वर आलेले. त्यांवरून सँडर फिरवला तर कागद फाटणार. कारागिराने सँडरचा प्लग काढून त्या जागी ग्राइंडरचा प्लग लावला. ग्राइंडरवर कपाटातलं डस्ट कव्हर, म्हणजे चकतीभोवती बसून धूळ पाइपकडे नेणारं झाकण, बसवलं, त्याला व्हॅक्यूमचा पाइप जोडला आणि ती डोकी घासून सपाट केली. मधे थांबत, बघत, एकूण दहाएक मिनिटं. त्याने नियम पाळला होता. भिंतीवर जे लिहिलं होतं, तेच अक्षरशः केलं होतं.

मग पुन्हा सँडर लावला, अर्धा-पाऊण तास. सहाला काम बंद. व्हॅक्यूम तसाच कोपऱ्यात, पिशवी आत, मुख्य प्लग भिंतीत. दार लावून सगळे घरी गेले.

रात्री सव्वाआठला मदतनीस मुलगा विसरलेला चार्जर न्यायला परत आला. त्याने नंतर मला सांगितलं, की दार उघडल्यावर धूर दिसला नाही, आधी वास आला: ‘ओल्या लाकडाची शेकोटी विझवल्यावर येतो तसा.’ व्हॅक्यूमच्या झाकणाच्या फटीतून अगदी बारीक, निळसर धार वर येत होती.

पुढच्या दोन मिनिटांत त्याने तीन गोष्टी बरोबर केल्या आणि एक चूक केली. भिंतीतला प्लग काढला. व्हॅक्यूम चालू करून ‘धूर ओढून घेऊ’ असा विचार केला नाही. हँडल धरून तो चाकांवर बाहेर मोकळ्यात नेला. आणि मग, आत काय झालंय ते बघायला, झाकणाच्या दोन्ही कड्या उघडून झाकण उचललं.

भक्कन ज्वाळा आली. धुमसणाऱ्या भुशाला आत हवा कमी होती. झाकण उचलल्याबरोबर हवा मिळाली, आणि झाकणाच्या हिसक्याने उडालेल्या भुकटीने तिथल्या तिथे पेट घेतला. सेकंदभराचा खेळ. उजव्या मनगटावर रुपयाएवढा फोड आला, हातावरचे केस जळाले. तो मागे उडी मारून सरकला, म्हणून तोंड वाचलं.

त्याने काकांना फोन लावला. काकांचं पहिलं वाक्य होतं, “आधी लांब हो पोरा, मशीन गेलं तर जाऊ दे.” दुसरं, “धार मारू नकोस.” हे दुसरं वाक्य किती मोलाचं होतं ते सांगायला हवं. धुमसणाऱ्या भुकटीवर बादलीने किंवा नळीच्या जोरदार धारेने पाणी मारलं, तर आग विझण्याआधी भुकटी उडते, आणि हवेत उडालेली कोरडी भुकटी थरातल्या भुकटीपेक्षा कैक पटींनी भराभर पेटते. बंद खोलीत हेच झालं तर त्याला स्फोट म्हणावं लागतं. अग्निशमन दलाच्या माणसांनी येऊन बारीक फवाऱ्याने, हळूहळू, वरून खाली भिजवत आणलं. पिशवीत नेमकं काय काय गेलंय हेही त्यांनी आधी विचारलं. पिशवीत ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमची भुकटी असती तर पाणीच घातक ठरलं असतं, कारण या धातूंची तापलेली भुकटी पाण्यातून हायड्रोजन मोकळा करते.

मुलाने मनगट वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरलं. ते काकांनी फोनवर सांगितलं आणि तो फोन चालू ठेवून तसाच उभा राहिला.

पिशवी उभी चिरली तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काकांनी ती ओली पिशवी पत्र्यावर ठेवून सुरीने वरपासून खालपर्यंत चिरली. या सगळ्या तपासात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्या एका कापाने.

आतला भुसा काटेकोर थरांत नव्हता, पण दिवसभराचा क्रम ओळखू येत होता. तळाला फिकट पिवळा, किंचित चिकट, हाताला तेलकट लागणारा भाग: सकाळचा तेलाचा पट्टा. तो भिजलेला होता, पण जळलेला नव्हता. त्यावर तपकिरी व्हार्निशमिश्रित भुकटीचा जाड भाग. त्याच्या वरच्या अंगाला, पिशवीच्या तोंडासमोरच्या बाजूला, जिथे आत आलेला माल आधी आपटतो, तिथे मुठीएवढी काळी पोकळी. पोकळीच्या कडेला पूर्ण कोळसा, मग करपलेलं तांबूस कडं, मग पुन्हा न जळलेली भुकटी. आणि पोकळीच्या वर, छपरासारखी बसलेली, शेवटच्या पाऊण तासाची ताजी भुकटी, वरच्या बाजूने फुटलेली.

संशयित चार होते.

पहिला, तेल. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता बाहेर पडते. फळीवर ती उष्णता निघून जाते. चोळामोळा केलेल्या फडक्यात किंवा ढिगाऱ्यात ती कोंडते, आणि ठिणगीशिवाय आग लागते. तेल लावलेलं लाकूड घासलेली भुकटी याच जातीची. खरं सांगायचं तर चिरण्याआधी माझी पैज तेलावरच होती. पण तेलकट भाग तळाशी होता आणि तळ शाबूत होता. आग तिथून निघाली नाही. ती निघू शकली असती, एवढं मात्र खरं. ती भुकटी रात्रभर पिशवीत ठेवणं हा वेगळा, स्वतंत्र धोका होता आणि तोही आमच्या लक्षात आलेला नव्हता.

दुसरा, मोटर. फिल्टर चोक झाला की मोटर तापते. पण मोटर झाकणात असते, आणि झाकणाची आतली बाजू ज्वाळेने काळी झाली असली तरी वायरिंग आणि मोटरची वेटोळी शाबूत होती. तिसरा, पाइपमधली स्थिर वीज. पाइप अँटीस्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज साठू न देणारा, होता आणि त्याचं जोडणीचं टोकही धड होतं. हे दोन्ही मी लवकर बाजूला ठेवले.

चौथा, ग्राइंडर. काकांनी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक काळ्या पोकळीवरून फिरवलं. कागदावर काळी दाढी उगवल्यासारखे कण चिकटून आले. भिंगाखाली पाहिले तर बरेचसे गोल, मण्यांसारखे. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे वितळण्याइतका तापलेला लोखंडाचा कण, हवेत जळत जळत गोल झालेला. आता, लोहकण सापडले यावरून ते आत गेले एवढंच सिद्ध होतं. ते तर आम्हाला माहीतच होतं. मला पटलं ते दुसऱ्या एका गोष्टीमुळे. पोकळीच्या मध्यावर नखाएवढी, एका बाजूने निळी पडलेली लोखंडी चिपटी होती, आणि तिला कोळसा असा घट्ट चिकटला होता की नखाने सुटेना. खिळ्याच्या डोक्याची ती कड तुटून आत गेली होती.

बारीक ठिणग्या हजारोंनी उडतात, पण त्यांच्यात उष्णता फार मावत नाही, त्यामुळे बहुतेक वाटेतच विझतात. चिपटी तशी नाही. आमचा पाइप साडेतीन मीटरचा. त्यातली हवा सेकंदाला २० मीटर धावत असली, तर चकतीपासून पिशवीपर्यंतचा प्रवास सेकंदाच्या पाचव्या भागाहून कमी वेळात होतो. थंड व्हायला वेळच नाही, उलट वाटेत वारा. पुढे पिशवीत निम्म्याच्या वर कोरडी भुकटी. आणि भुकटीचा थर जितका जाड, तितकं तिला धुमसायला कमी तापमान पुरतं, कारण आतली उष्णता बाहेर पडत नाही. मग आम्ही सँडर पुन्हा लावला, म्हणजे पाऊण तास त्या निखाऱ्याला हवा घातली आणि वरून भुशाचं पांघरूणही घातलं. भुशात धुमस तासाला काही सेंटिमीटर एवढ्याच गतीने सरकते. सव्वाचार ते सव्वाआठ, चार तास, मुठीएवढी पोकळी. हिशेब जुळतो.

माझा निष्कर्ष: आग चिपटीने लावली.

कव्हर कशासाठी होतं

ते डस्ट कव्हर आम्ही वर्षभरापूर्वी उंबऱ्याचा दगड घासण्यासाठी आणलं होतं. त्या कामासाठी ते योग्यच होतं. दगड, वीट, काँक्रीट घासताना उडणारी सिलिका फुफ्फुसाला कायमची इजा करते, आणि त्या धुळीत पेटण्यासारखं काही नसतं. अमेरिकेच्या बांधकाम क्षेत्रासाठी २०१६ मध्ये आलेल्या सिलिका नियमात हँडग्राइंडरला असं कव्हर आणि चकतीच्या दर इंच व्यासामागे मिनिटाला २५ घनफूट हवा ओढणारा व्हॅक्यूम सांगितला आहे. आमच्या चार इंची चकतीला त्या हिशेबाने मिनिटाला १०० घनफूट, म्हणजे तासाला साधारण १७० घनमीटर हवा लागते. हे आकडे मला पाठ होते. दगडासाठी आणलेलं कव्हर कुणी लोखंडावर लावेल, हे मात्र डोक्यात आलं नाही. कव्हरच्या माहितीपत्रकात ‘धातूसाठी वापरू नये’ असं स्पष्ट छापलेलं आहे. व्हॅक्यूमच्या पुस्तिकेतही ठिणग्या आणि तापलेले कण ओढू नयेत असं आहे. दोन्ही पुस्तिका माझ्या कपाटात होत्या. कारागिराच्या समोर होती ती भिंतीवरची ओळ.

मी त्याला विचारलं, “कव्हर लावताना काही शंका आली का?” तो म्हणाला, “सर, आली होती. ठिणग्या पाइपमध्ये जाताना दिसत होत्या. पण व्हॅक्यूम नाही लावला तर तुम्ही बोलला असता.” तो बरोबर बोलत होता. मी बोललो असतो.

तपासात निघालेली दुसरी गोष्ट : डायल

आगीशी याचा थेट संबंध नाही, पण व्हॅक्यूम उघडला नसता तर ही गोष्ट आणखी किती महिने चालली असती कोण जाणे. माझ्या लेखी ती आगीइतकीच गंभीर आहे.

एम वर्गाच्या व्हॅक्यूमला एक गजर असतो. पाइपमधल्या हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या खाली गेला की तो वाजतो, कारण त्याखाली धूळ नीट ओढली जात नाही आणि पाइपमध्येच बसू लागते. पण यंत्राला वेग थेट कळत नाही. पाइपचा व्यास आपण डायल फिरवून सांगायचा, त्यावरून ते हिशेब करतं. आमचा पाइप ३६ मिलिमीटरचा. डायल २७ वर होता. कधीतरी बारीक पाइप लावला असेल, नंतर कुणी परत फिरवला नाही.

फरक किती पडतो ते बघा. २७ मिलिमीटरच्या पाइपमध्ये २० मीटरचा वेग राखायला तासाला साधारण ४१ घनमीटर हवा लागते. ३६ मिलिमीटरच्या पाइपला ७३ घनमीटर. डायल २७ वर असल्याने हवा ७३ वरून घसरत ४१ पर्यंत आली तरी गजर गप्प. आणि ४१ घनमीटरला आमच्या जाड पाइपमधला वेग उरतो सेकंदाला ११ मीटर. म्हणजे फिल्टर चोक होत गेला, सक्शन निम्म्यावर आलं, आणि सगळं ठीक आहे असं यंत्र सांगत राहिलं. पाइप सोडवून उभा धरला तेव्हा त्यातून ओंजळभर भुसा खाली पडला.

मग सँडर पाहिला. पॅडला आठ भोकं, लावलेल्या कागदाला सहा, आणि त्यातलीही दोनच समोरासमोर. धूळ भोकातून वर ओढली जाते. भोकं जुळली नाहीत तर जोडणी असून नसल्यासारखी. आठवड्यापूर्वी आठ भोकांचे कागद संपले तेव्हा मीच सहाचे मागवले होते, ‘व्यास तोच आहे’ म्हणून. सँडर चालतो, कागद चिकटतो, काही बिघडल्यासारखं वाटत नाही. दरवाज्यावर भुकटी साठलेली दिसली की माणूस जोर देतो, जोर दिला की लाकूड तापतं, व्हार्निश मऊ होऊन कागद भरतो. काका म्हणाले, “गेले चार दिवस संध्याकाळी नाक काळं निघत होतं.” त्यांनी ते मला सांगितलं नव्हतं, कारण व्हॅक्यूम लावलेला असताना नाक काळं कसं येईल, हा आपलाच भ्रम असेल असं त्यांना वाटलं. व्हॅक्यूमच्या भरवशावर मास्कही खुंटीला टांगलेले होते.

जोडणी लावली म्हणून धूळ पकडली गेली असं धरून चालणारे आम्ही सगळेच होतो, मी सगळ्यात आधी.

काय बदललं

भिंतीवरची ओळ त्याच दिवशी काढली. नवी ओळ मी लिहू लागलो तेव्हा काकांनी थांबवलं. ते म्हणाले, “तुम्ही हुकूम लिहिता. पोरं हुकूम पाळतात. त्यापेक्षा विचारा.” आता तिथे दोन प्रश्न आहेत: ‘धूळ कसली? ती कुठे जाणार?’ उत्तर लाकूड आणि भुशाची पिशवी असेल तर जोडणी लावायचीच. उत्तर लोखंड असेल तर पाइप काढायचा, भुसा पडलेल्या जागेपासून लांब, बाहेरच्या लोखंडी टेबलावर काम करायचं, ठिणग्यांच्या वाटेत काही नाही हे बघायचं, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा. ग्राइंडरचा मूळ गार्ड कधीही काढायचा नाही. आमचं डस्ट कव्हर गार्डची जागा घेऊ शकत नाही, चकती फुटली तर तुकडे अडवतो तो गार्ड. ते डस्ट कव्हर आता दगडकामाच्या वेगळ्या पेटीत आहे, त्याच कामाच्या वेगळ्या पिशवीसह.

भुशाची पिशवी रोज संध्याकाळी निघते, भरलेली असो वा नसो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाते आणि डबा बाहेर, भिंतीपासून दूर राहतो. तेल लावलेलं लाकूड घासलं असेल तर ती भुकटी पाण्याने भिजवूनच डब्यात पडते. पिशवी काढताना मास्क चढवायचा, हे मला दोनदा सांगावं लागलं. दिवसभर पकडलेली धूळ हवेत सोडण्याची ती नेमकी वेळ असते. फिल्टर हवेच्या प्रेशरने फुंकायचा नाही, त्याच कारणासाठी.

डायल ३६ वर आणून त्यावर रंगाची खूण केली आहे. सकाळी पहिलं मशीन लावण्याआधी मुलगा व्हॅक्यूम चालू करून पाइपचं तोंड तळहाताने झाकतो. गजर वाजला पाहिजे. नाही वाजला तर व्हॅक्यूम बाजूला. कागद मागवताना भोकांची संख्या आता मी व्यासाच्या आधी लिहितो.

सॉकेटबद्दलही एक गोष्ट करावी लागली. तपासाच्या गप्पांत मुलगा म्हणाला, की कागद बदलताना तो सँडरचा प्लग काढत नाही, कारण ‘व्हॅक्यूम बंदच असतो ना’. व्हॅक्यूम शांत असला म्हणजे त्याच्या सॉकेटमधला करंट बंद झाला असं नाही. तो मशीनच्या बटणाचीच वाट बघत असतो. सँडरवर बोट पडलं तर हात घासला जाईल, ग्राइंडरवर पडलं तर बोटं जातील. चकती, कागद, कव्हर, पाइपचं टोक, काहीही बदलायचं तर मशीनचा प्लग हातात घेऊन मगच. हे तो आता न सांगता करतो.

पाइप वरच्या आडव्या दांडीवरून टांगून आणला आहे. आधी तो जमिनीवरून यायचा, दरवाज्याच्या कोपऱ्यात अडकायचा आणि सँडरला मागे खेचायचा. सँडरला खेचलं तर फारतर ओरखडा उठतो, पण फिरती चकती अचानक ओढली गेली तर मशीन हातातून उसळतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोडलेले स्क्रू दरवाज्यात असतात आणि दरवाजा बाहेरच्या लोखंडी टेबलावर नेता येत नाही. नेला तरी ठिणग्या लाकडावरच पडणार. सहावा आणि सातवा दरवाजा काकांनी पक्कड, छिन्नी आणि हॅकसॉच्या नुसत्या पात्याने पार पाडला, वेळ दुप्पट लागला. आठव्याच्या वरच्या बिजागरीत एक स्क्रू असा मोडला होता की पकडायला काहीच वर नव्हतं. कारागीर ग्राइंडरपाशी गेला, उभा राहिला, आणि मला हाक मारून म्हणाला, “सर, धूळ लोखंडाची. जाणार लाकडात. मग हा नको ना?” आम्ही स्क्रूभोवतीचं लाकूड पोकळ ड्रिलने गोल कापून स्क्रूसकट बाहेर काढलं आणि त्या भोकात सागाची खुंटी ठोकून बसवली. कापताना मुलगा व्हॅक्यूमचा पाइप ड्रिलच्या तोंडाशी धरून उभा होता. मनगटावरची कातडी नवी आली आहे, जराशी गुलाबी.